दिनविशेष आणि एक जून

पहाटे पावणेसहाच्या सुमाराला माझा फोन एकदा थरथरतो. अलार्म नसतो, ऑफिसमध्ये काही कोसळलेलंही नसतं. अण्णांचा मेसेज असतो. वर 'आजचा दिनविशेष', खाली सहा-आठ ओळी. आधी साल, मग आडवी रेघ, मग घटना. जन्म वेगळे, मृत्यू वेगळे. शेवटी एक सुविचार. तो कधी कधी त्यांचा स्वतःचाच असतो, पण त्याखाली विवेकानंदांचं नाव ठोकून देत नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पस्तीसेक वर्षं रोज सकाळी त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहिला. ३१ मे २०२० ला निवृत्त झाले ते लॉकडाऊनमध्ये. निरोप समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही, भाषणात रडणारं कुणी नाही. जूनमध्ये चार्ज द्यायला शाळेत गेले, तर फळ्यावर मार्चमधला दिनविशेष तसाच होता. तो त्यांनी डस्टरने पुसला, घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून फळा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला.

त्यांचा बाकीचा दिवस कुठल्याही निवृत्त मास्तरासारखाच. फिरणं, पेपर, पासबुक भरून आणणं, नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या आणि गॅस लावल्याची तारीख. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं, हेसुद्धा अण्णांच्या वहीत नोंदलेलं आहे. वही म्हणजे दोनशे पानी, पुठ्ठ्याची, दर दिवसाला अर्धं पान. पेपरची कात्रणं चिकटवून ती आता मिटत नाही.

खरं सांगायचं तर मी त्यांचा ग्रुप म्यूट केला होता. हिंजवडीहून रात्री अकराला घरी येणाऱ्या माणसाला पहाटे पावणेसहाला कुणाचीही पुण्यतिथी नको असते. पण एका २३ एप्रिलला जाग आली आणि मेसेज वाचला. 'जागतिक पुस्तक दिन. १६१६ - शेक्सपिअर आणि सर्वांतेस या दोन महान लेखकांचा एकाच दिवशी मृत्यू.' मी अर्धवट झोपेत उत्तर टाकलं, 'तारीख एक, दिवस एक नाही.'

दोन मिनिटांत फोन आला. "म्हणजे काय?"

म्हणजे असं. ज्युलियस सीझरच्या पंचांगात दर चार वर्षांनी लीप वर्ष, त्यामुळे वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून साधारण अकरा मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण शतकं गेली आणि पंचांग ऋतूंच्या दहा दिवस मागे पडलं. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने दुरुस्ती केली. ४ ऑक्टोबर, गुरुवार, आणि दुसरा दिवस १५ ऑक्टोबर, शुक्रवार. पुढे तसंच होऊ नये म्हणून ज्या शतकी वर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप धरायचं नाही, असा नियम घातला. स्पेन आणि पोर्तुगालने हे लगेच मानलं. इंग्लंड प्रॉटेस्टंट, पोपचं कशाला ऐकेल? ते जुन्याच पंचांगावर राहिलं. त्यामुळे स्पेनमधला २३ एप्रिल १६१६ आणि इंग्लंडमधला २३ एप्रिल १६१६ यांच्यात दहा दिवसांचं अंतर आहे. शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे होती. त्यातही सर्वांतेस २२ ला गेला, २३ ला त्याला पुरलं.

अण्णा गप्प. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "मग इंग्रजांनी कधी बदललं?"

हे दाखवायला मजा येते. मी व्हिडिओ कॉल लावला आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर 'कॅल ९ १७५२' अशी आज्ञा दिली. लिनक्समध्ये ही फार जुनी आज्ञा आहे, मागाल त्या महिन्याचं कॅलेंडर छापते. सप्टेंबर १७५२ असा दिसतो : मंगळवारी १, बुधवारी २, आणि गुरुवारी एकदम १४. मधले अकरा दिवस नाहीतच. (दहाचे अकरा झाले, कारण १७०० साल इंग्लंडने लीप धरलं होतं, नव्या पंचांगाने नाही.) कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला तो बग वाटला होता.

अण्णांचा पहिला प्रश्न मास्तराला शोभेल असा होता. "त्या महिन्याचा पगार पूर्ण मिळाला का?"

लोकांनी अकरा दिवस परत द्या म्हणून दंगली केल्या असं बरंच छापून आलं आहे. त्याला पुरावा जवळपास नाही. हॉगार्थच्या एका निवडणुकीच्या चित्रात तशी पाटी दिसते, तिच्यावरून ही कथा फुगली. पण पैशांचा प्रश्न खरा होता. तिकडे हिशेबाचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. दिवस कमी देऊन पूर्ण वर्षाचा कर कसा मागणार? म्हणून ते पुढे सरकवलं, आणि ब्रिटनचं आयकर वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. अण्णांनी हे ताबडतोब वहीत लिहून घेतलं. शेक्सपिअरपेक्षा त्यांना हे जास्त आवडलं, असा माझा अंदाज आहे.

त्यानंतर आमचं एक सुरू झालं. ते मेसेज टाकायचे, मी तपासायचो. मुलगा बापाच्या वह्या तपासतोय, याचं आईला फार हसू यायचं.

मग अर्थातच आम्ही शिवजयंतीला आलो.

कालनिर्णयात शिवजयंती दोनदा असते, तारखेप्रमाणे आणि तिथीप्रमाणे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे साल बदललं होतं, हे कमी लोकांना. टिळकांनी १८९० च्या दशकात शिवोत्सव सुरू केला तेव्हा बखरींच्या आधाराने शके १५४९ मधली वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ साल, मानलं जायचं. मग जेध्यांच्या घराण्यातली शकावली टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे घराण्याने ठेवलेली घटनांची ओळीने नोंद, दिनविशेषाची आजीच म्हणा. १९१६ मध्ये ती छापली गेली. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा दिला आहे. म्हणजे १६३०. सुमारे तीन वर्षांचा फरक. परमानंदाच्या शिवभारतानेही त्याला दुजोरा दिला. तरी वाद मिटायला विसावं शतक संपावं लागलं. १९६६ मध्ये सरकारने इतिहासकारांची समितीही नेमली होती. १९ फेब्रुवारी ही सरकारी तारीख झाली ती २००० च्या सुमाराला.

अण्णांना हे सगळं पाठ होतं, कारण निम्म्या नोकरीत एक तारीख आणि निम्म्या नोकरीत दुसरी त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिली होती. मी फक्त एक गोष्ट पुढे केली. पायथनमध्ये तीन ओळी लिहून १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला. उत्तर आलं, मंगळवार.

"शकावलीत शुक्रवार आहे," अण्णा म्हणाले. आवाजात जरा काळजी होती. पन्नास वर्षांचा वाद संपवणारी शकावली माझ्या लॅपटॉपने खोटी पाडली की काय!

शकावली बरोबर होती. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, इंग्रजांच्या तेव्हाच्या पंचांगातली आहे. पायथन मात्र पोपचं नवं पंचांग मागे इसवी सन १ पर्यंत ताणत नेतं. नव्या पंचांगात तो दिवस पडतो १ मार्च १६३० ला. तिचा वार विचारला. शुक्रवार.

आमच्या कामात याला चेकसम म्हणतात. लांबलचक आकडा पाठवायचा असेल तर शेवटी एक जादा अंक जोडतात, तो मूळ आकड्यावरूनच काढलेला असतो. पोचल्यावर जुळला नाही तर वाटेत काहीतरी बिघडलंय. वार हा तारखेचा चेकसम आहे. पोपने दहा दिवस गाळले, इंग्लंडने अकरा गाळले, पण गुरुवारनंतर शुक्रवार आणि बुधवारनंतर गुरुवारच आला. शक, सन, संवत, तारखा सगळं हललं, वारांची माळ कुणी तोडली नाही. शकावली लिहिणाऱ्याने शुक्रवार हा एक शब्द जादा लिहिला म्हणून जवळपास चारशे वर्षांनी हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये तो ताळा जुळला.

राज्याभिषेकाचंही तेच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या पंचांगात तो ६ जून १६७४ होता. गोव्यात पोर्तुगीज नवं पंचांग वापरत होते, त्यांच्याकडे १६ जून. एकाच किनाऱ्यावर, मुंबईत एक तारीख आणि पणजीच्या बाजूला दुसरी. आपल्याकडे राहिली ती इंग्रजांची, कारण आपला इतिहास इंग्रजीत उतरवला गेला तो त्यांच्या कागदांवरून.

पानिपताच्या वेळी मात्र अण्णांनी हार मानायला वेळ घेतला. 'संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं', हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांतच की. १७५२ नंतरची तारीख आहे, त्यामुळे पंचांगाचा घोळही नाही. वारही जुळतो, बुधवार. तिथी पौष शुद्ध अष्टमी. सगळं बरोबर. फक्त त्या दिवशी संक्रांत नव्हती.

हे पटवायला मी त्यांचाच मेसेज वापरला. १२ जानेवारीच्या दिनविशेषात दरवर्षी असतं, '१८६३ - स्वामी विवेकानंद यांचा जन्म'. विवेकानंद मकर संक्रांतीच्या दिवशी जन्मले, हे त्यांच्या चरित्रांतून सगळीकडे आहे. म्हणजे १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला होती! संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने चालते, आपलं कॅलेंडर ऋतूंच्या. दोन्ही वर्षांत साधारण वीस मिनिटांचा फरक पडतो, सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. संक्रांत हळूहळू पुढे सरकते. हल्ली ती मधूनमधून १५ ला येते ती त्यामुळेच. मागे मोजत गेलात तर १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास पडते. भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण आपण म्हणतोच ना, संक्रांत आली म्हणून. आणि पानिपत झालं म्हणून." दोन्हीचा अर्थ एकच. भाषेनेच त्या दोघांना एका दिवसावर बसवून टाकलं होतं, मग मास्तरांनी काय करावं? दुसऱ्या वर्षी १४ जानेवारीच्या मेसेजात पानिपताची ओळ होती, संक्रांतीची वेगळी होती, आणि मधे त्यांनी एक रिकामी ओळ सोडली होती.

इथपर्यंत सगळा खेळ होता. मग एक जून आला.

एक जून हा अण्णांचा वाढदिवस. त्याच दिवशी धाकट्या काकांचा. त्यांच्या बॅचच्या ग्रुपवर त्या दिवशी अकरा जणांचा. गावाकडच्या कुठल्याही ग्रुपवर एक जूनला केकची चित्रं मोजून बघा. कारणही बहुतेकांना माहीत असतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता यायची नाही, मग हेडमास्तर पोराकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे १ जून लिहायचे. म्हणजे प्रवेशाला वय पूर्ण.

एकदा आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांच्या जन्मतारखांचा आलेख काढला होता. वर्षभर सपाट टेकड्या आणि १ जूनवर एकच सुळका. बंगळुरूच्या सहकाऱ्याने तो बग म्हणून नोंदवला. मी तो बंद केला आणि शेरा लिहिला, 'डेटा बरोबर आहे.' नंतर विचार करताना वाटलं, असं लिहायला नको होतं. डेटा जुळत होता एवढंच.

त्या वर्षीच्या एक जूनला दिनविशेष आला आणि मी सवयीने उत्तर टाकलं, 'यातलं शेवटचं तपासलं का?' शेवटची ओळ होती, '१९६२ - अस्मादिक'.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "तपास," म्हणाले.

शनिवारी गावी गेलो. तालुक्याला जाऊन गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मागितल्या, त्या वर्षाचं पुस्तक सापडलं नाही. मग उरली आजी. ती ऐंशीच्या पुढे आहे, दुपारी काय जेवली ते विसरते. तिला मी तारीख विचारली असती तर काहीच मिळालं नसतं. अण्णांनी मास्तरासारखे प्रश्न विचारले. तेव्हा गावात काय चाललं होतं? पाऊस होता का? तू काय खाल्लं होतंस?

आजी म्हणाली, आठ ग्रह एकत्र आले, जग बुडणार म्हणून देवळात होम घातला, तेव्हा तिसरा महिना होता. हा धागा पक्का आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही झाली होती, मकर राशीत आठ ग्रह, आणि देशभर लोकांनी यज्ञ केले होते. थोरल्या आत्याने फोनवर सांगितलं, चीनच्या लढाईच्या बातम्या ऐकायला सगळे पाटलांच्या रेडिओपाशी जायचे तेव्हा अण्णा तिच्या कडेवर असायचे. लढाई सुरू झाली २० ऑक्टोबरला. म्हणजे मधलेच महिने. आणि मग आजी म्हणाली, "उपास सोडायचा राहिला की माझा. सोमवार होता. श्रावणातला."

तिला तारीख ठाऊक नव्हती, वार ठाऊक होता.

१९६२ चा श्रावण सगळा ऑगस्टमध्ये पडतो. त्यात सोमवार चार : ६, १३, २० आणि २७. तीनशे पासष्टातून चार उरले. पुढे आजीला काही आठवेना. नारळी पौर्णिमेच्या आधी की नंतर, तर ती म्हणाली, आम्ही कुठं समुद्रावर राहतो?

अण्णांनी त्या रात्री वेगळाच हिशेब केला. ऑगस्टमधला जन्म म्हणजे चारांपैकी कुठलाही सोमवार असो, अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्ती ३१ ऑगस्टला. कागदावर १ जून असल्याने ती झाली ३१ मे ला, कारण एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. जून, जुलै, ऑगस्ट. "तीन पगार," ते म्हणाले, "आणि शाळा तर बंदच होती. घरी बसून मिळाले असते." आम्ही दोघंही हसलो. आई हसली नाही.

मग दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाले, "मीही दिल्यात रे."

काय, ते मला लगेच कळलं नाही. एक जून. त्यांनी स्वतः. ऊसतोडीला आलेल्यांची पोरं, मेंढरांबरोबर फिरणाऱ्यांची पोरं. पटसंख्या भरायची असायची, पोरगं शाळेत येतंय हेच मोठं होतं, बाप घाईत असायचा. एका पोरीची आई म्हणाली होती, सुगीत झाली. त्यांनी मान डोलावली आणि १ जून लिहिलं. "सुगीत म्हणजे जून कसा असेल? ज्वारी काढतात तेव्हा, एवढं तरी विचारायचं होतं मी. तुझ्या आजीला आज विचारलं तसं. दोन मिनिटांचं काम. महिना तरी मिळाला असता तिला." ती पोरगी आता पन्नाशीकडे आली असेल. कुठे असते, त्यांना माहीत नाही.

मी काही बोललो नाही. मी तर तो बग बंद केला होता.

सकाळी चहा घेताना ते जरा खुलले होते. चार तारखांची चार पानं वहीत उघडून बसले होते. ६ ऑगस्ट हिरोशिमा, नको म्हणाले. २० ऑगस्टला २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी गोड खायचं नाही. १३ ला आचार्य अत्र्यांचा जन्म, पण अहिल्याबाई होळकर गेल्या तोही तोच दिवस. २७ ला डॉन ब्रॅडमन. अत्रे की ब्रॅडमन यात ते बराच वेळ अडकले. मी ब्रॅडमन म्हणालो. ते म्हणाले, "तू तुझ्या कामात असंच करतोस का? आवडलं ते ठेवायचं?"

गेल्या ऑगस्टमध्ये ६ तारखेला पहाटे पावणेसहाला मेसेज आला. हिरोशिमाची ओळ पहिली होती. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, '१९६२ - अस्मादिक (?)'. १३ ला अत्र्यांच्या खाली तीच ओळ, तेच प्रश्नचिन्ह. २० लाही. २७ लाही.